फरशीवाल्याचा उजवा हात

इस्त्रीबाईचं खरं नाव वस्तीत कुणाच्या तोंडी नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या धुलाईखान्यात ती चादरी इस्त्री करायची, म्हणून इस्त्रीबाई. रुंद लोखंडी रोलर. एका बाजूनं ओली चादर घालायची, दुसऱ्या बाजूनं ती कडक होऊन बाहेर येणार, आणि हाताला चटका बसायच्या आत घडी पडली पाहिजे. तिच्या हातची घडी अशी, की कोपरा कोपऱ्याला विचारून बसल्यासारखा. शेजारची मशीनवाली म्हणायची, "अगं, आजारी माणसाखाली घालायची आहे ती, लग्नात मिरवायची नाही." त्यावर हिचं उत्तर ठरलेलं, "माणूस सुरकुतलेला असतोच. निदान चादर तरी नको."

अशी बाई. कामाला वाघ, बोलायला तिखट, आणि घरात एकुलता एक लेक. नवरा केव्हाच गेला. लेक भाजीचा टेम्पो चालवायचा. टेम्पोला त्यानं सुरावर वाजणारा भोंगा बसवला होता, गल्लीच्या तोंडाशी आला की वाजवलाच पाहिजे. म्हणून त्याचं नाव भोंग्या. आईला ते नाव आवडायचं नाही, पण रागावली की तीही तेच वापरायची.

ही सगळी वस्ती मुळात डोंगरावरची. दोन पिढ्यांमागं सरकारनं माणसं खाली आणली, सरळ रेघेत घरं बांधून दिली आणि पोरं वसतिशाळेत घातली. तिथं एक नियम होता. जेवणाच्या पंगतीत कुणाच्या तोंडून डोंगरची बोली निघाली, की त्याचं ताट पालथं घालायचं. त्या वेळचं जेवण गेलं. आणि पालथं कुणी घालायचं? मास्तरांनी नाही, शेजारी बसलेल्या पोरानं. त्या पोराला बक्षीस म्हणून पालथ्या ताटातला वाटा. एवढ्या एका युक्तीनं डोंगरची बोली काही वर्षांत नाहीशी झाली. पोटापुढं जीभ किती टिकणार?

जेवायच्या आधी एक लांबलचक आभाराची प्रार्थना म्हणावी लागे, साहेबांच्या भाषेतली. अर्थ कुणालाच कळायचा नाही. जो न चुकता म्हणेल त्याला पहिलं ताट. इस्त्रीबाई तेव्हा एवढीशी पोर होती, पण पाठांतरात तिचा हात कुणी धरला नाही. पहिलं ताट तिचंच. बाकीची पोरं तिला पोपट म्हणायची, आणि पोपट पोटभर जेवायचा.

आता वसतिशाळेच्या त्याच जेवणघराचं वस्तीनं सभागृह केलं होतं. हा उद्योग मास्तरचा. मास्तर म्हणजे वस्तीतला निवृत्त शिक्षक, तोही त्याच पंगतीतून उठलेला. म्हातारपणी त्यानं ध्यास घेतला की आपलं जे गेलं ते परत आणायचं. पोरांना बोली शिकवायची, डोंगरावरच्या रीती पुन्हा लावायच्या. लोक आधी हसले. "मास्तर, गेलेलं दूध परत आचळात जातं का?" पण माणूस चिवट. हळूहळू संध्याकाळी पोरं बसू लागली. बोली शिकवायला एकच जिवंत माणूस उरलं होतं. वस्तीतली थोरली. ती लहानपणी आजारी होती म्हणून शाळेनं तिला घेतलंच नव्हतं, तेवढ्यानं तिची जीभ वाचली, आणि मास्तरही आधी तिच्याकडूनच शिकला. तिचा मुलगा घरोघरी फरशी बसवायचा. मान खाली घालून काम करणारा, हिशेबी, थोडा खडूस.

मास्तरला सगळ्यात जास्त हवी होती ती बैठक. डोंगरावर असताना कुणी कुणाला इजा केली, तर तुरुंग नव्हता. बैठक बसायची. ज्यानं केलं त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यानं सगळ्यांसमोर, ज्याला लागलं त्याच्या तोंडावर, काय झालं ते नखशिखांत सांगायचं. ज्याला लागलं त्यानं आपल्या कामाचं हत्यार सोबत आणायचं, कोयता, जाळं, जे असेल ते. ऐकून झालं की त्यानं ठरवायचं. ज्यानं केलं त्याच्या हातात ते हत्यार दिलं, तर दुसऱ्या सकाळपासून तो त्याचा हात झाला. लागलेला माणूस पुरे म्हणेपर्यंत त्याच्या घरचं काम ओढायचं. आणि हत्यार परत घरी नेलं, तर मिटलं नाही. याला ते हात देणं म्हणायचे. शेवटची बैठक थोरलीनं पोरवयात पाहिली होती. त्यानंतर पोलीस चौकी आली.

अशात एका संध्याकाळी, दिवेलागणीला, वस्तीच्या वळणावर भोंग्याच्या टेम्पोनं फरशीवाल्याला उडवलं.

भोंग्या प्यायलेला होता. फरशीवाला सायकलवरून पडला आणि उजवा हात चाकाखाली गेला. भोंग्या थांबला नाही. दूधवाल्याला फरशीवाला रस्त्याच्या कडेला सापडला. पोलीस भोंग्याच्या दारात यायला फार वेळ लागला नाही, कारण पळतानासुद्धा सवयीनं त्यानं गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवला होता. मशीनवाली म्हणाली, "चोरानं दिवा घेऊन चोरी करावी, तसं तुझ्या लेकाचं." इस्त्रीबाई तेव्हा हसली नाही.

फरशीवाल्याचा हात राहिला, पण मूठ काही मिटेना. बोटं लाकडी चमच्यासारखी. फरशीवाल्याची मूठ मिटत नाही, तर त्यानं काय करावं?

कोर्टात न्यायाधीशीणबाई नव्या होत्या, मवाळ होत्या. मास्तरनं त्यांना बैठकीचं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या रीतीनं मिटलं, आणि जखमी माणसानं मान्य केलं, तर मी मुलाला तुरुंगात धाडणार नाही. नाही मिटलं, तर कायदा आहेच." मास्तर कोर्टाच्या पायऱ्या उतरला तो तरंगतच. आयुष्यभर वाट पाहिली ती बैठक बसणार, तीही सरकारच्या डोळ्यांदेखत!

इस्त्रीबाईला बैठकीचं फार कौतुक नव्हतं. तिला लेक घरी हवा होता. पण सांगायचं तिनं, आणि ते डोंगरच्या बोलीत. ही रीत. आणि तिला बोली येत होती ती एवढीच, भूक लागली, गप्प बस, इकडं ये, मर मेल्या.

"मी आहे ना," मास्तर म्हणाला. "मी सांगतो, तू मागून म्हण."

मग रोज कामावरून आली की मास्तरच्या ओट्यावर बसायचं. मास्तर एक वाक्य म्हणायचा, ही मागून म्हणायची. दोन-तीनदा ऐकलं की पाठ. मास्तर चकित. "अगं, तुझी जीभ आहे का काय आहे!" तिलाही बरं वाटायचं. फक्त एकदा तिनं मध्येच विचारलं, "मास्तर, याचा अर्थ काय झाला?"

"अंधार पडला होता, वळण वाईट होतं, गाडी हातची सुटली, आमच्या घराची मान खाली गेली."

"प्यायला होता ते?"

"ते सगळं कोर्टात आलंय की."

"पळाला ते?"

मास्तरनं चष्मा काढून पुसला. "हे बघ बाई. बाहेरची माणसं येणार आहेत. पेपरवाले, कॉलेजची पोरं. पहिलीच बैठक. डोंगरची माणसं दारू पितात नि पळून जातात, हेच त्यांनी लिहायचं का? आपलेच दात, आपलेच ओठ. जरा सांभाळून सांगावं. फरशीवाल्याला काय, ठाऊक आहेच सगळं."

तिला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचं वाटलं. कारण मास्तरला ठाऊक नव्हतं असंही काही तिच्या पोटात होतं, आणि ते सांगायला लागणार नाही म्हणून तिचा जीव भांड्यात पडला.

बैठकीच्या दिवशी जेवणघर भरलं. बाकं बाहेर काढून ठेवली होती, सगळे जमिनीवर गोल बसले. कोर्टाचा कारकून पाय दुमडता येईना म्हणून भिंतीला टेकला. कॉलेजची पोरं मोबाइल वर धरून उभी. भोंग्या मान खाली घालून आईच्या मागं. समोर फरशीवाला, डाव्या हातात थापी. फरशी बसवायची ती साधी लोखंडी थापी, दांड्यावर वाळलेलं सिमेंट. शेजारी थोरली, डोळे मिटून, कान पुढं करून.

इस्त्रीबाई उभी राहिली आणि म्हणाली. एक अक्षर चुकलं नाही. आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं, सगळं मास्तरनं सांगितलं तसं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनी लहानपणानंतर पहिल्यांदा ती बोली भर सभेत अशी सलग ऐकली, तीही त्या खोलीत. काही जण रडले. कारकुनालासुद्धा भरून आलं, त्याला तर त्यातलं काहीच कळत नव्हतं. संपलं तेव्हा मागून कुणा पोरानं टाळी वाजवली, मग दोघा-तिघांनी.

फरशीवाला टाळी थांबेपर्यंत थांबला. मग त्यानं थापी पिशवीत टाकली. पिशवीची चेन डाव्या हातानं लागेना, ती दातात धरून ओढली, आणि कुणाकडं न बघता बाहेर पडला.

मास्तर उठून मागं धावला, दारातच थांबला. थोरली सावकाश उठली. जाता जाता इस्त्रीबाईच्या समोर थांबली आणि वस्तीत रोज चालते त्या बाजारी भाषेत, सगळ्यांना कळावं असं म्हणाली, "छान म्हणालीस गं. पण मला काही दिसलं नाही. ना गाडी दिसली, ना माझा लेक दिसला."

भोंग्याला वर्षभराची शिक्षा झाली. कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसानं दोन मिनिटं दिली. इस्त्रीबाई रडत होती, लेकच तिची समजूत काढत होता.

"आई, तुरुंग परवडला बघ. तिथं शिक्षा मोजून असते. तिकडं त्याच्या घरी रोज सकाळी जायचं, त्याच्या त्या हाताकडं बघायचं, तो पुरे म्हणेपर्यंत... आणि तो खडूस माणूस, तो कधी पुरे म्हणतोय!"

"मेल्या, म्हणजे बैठक मोडली ते बरंच झालं म्हण ना."

भोंग्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं आईला दिसलं. तिनं पटकन नजर वळवली. कारण तिलाही ओट्यावर बसून मास्तरच्या मागं म्हणताना असंच हलकं वाटलं होतं.

घरी ती एकटी. दोन माणसांचा भात शिजवायची हाताला सवय, तो उरायचा. कामावर चादरीची घडी वाकडी पडू लागली. मशीनवाली म्हणाली, "अगं, झालं ते झालं. शिक्षा भोगतोय ना पोरगा? फिटलं."

"कुणाचं फिटलं?" इस्त्रीबाई म्हणाली. "सरकारचं फिटलं. फरशीवाल्याच्या घरी कोण गेलंय?"

तिनं दुपारची पाळी मागून घेतली. आणि एका सकाळी फरशीवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

तो दात घासत होता. डाव्या हातानं. "काय?"

"आलेय."

"कशाला?"

"हात द्यायला."

फरशीवाल्यानं चूळ भरली, थुंकली. "मी थापी दिली का तुला? नाही ना? मग जा. टाळ्या घेतल्यास तेवढ्या पुरेत." आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा गेली. दार उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. शेजारपाजारची माणसं कामावर जाता जाता बघायची. कुणी म्हणालं, "लेकाला लवकर सोडवायचा डाव आहे." कुणी म्हणालं, "बिचारी." दोन्ही तिला सारखंच बोचायचं. एकदा मास्तर आला, जवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "चल घरी. माझंच चुकलं. पुढच्या वेळी आपण नीट..."

"पुढच्या वेळी म्हणजे? पुन्हा कुणाचा हात मोडायची वाट बघायची?"

मास्तर उठून गेला. वसतिशाळेच्या त्या पंगतीत त्यानंही कितीतरी ताटं पालथी घातली होती. दोघं कधी त्यावर बोलले नव्हते, त्या दिवशीही बोलले नाहीत.

मग एका सकाळी ती बंद दारासमोर बसल्या बसल्याच बोलू लागली. पाठ म्हणून दाखवायचं काही नव्हतं. जी भाषा तोंडात आली ती. बरीचशी बाजारी, मध्ये मध्ये डोंगरची, पोरवयातली, तुटकी.

"तो दुपारपासून पीत होता. मला माहीत होतं. चावी मी काढून घ्यायला हवी होती, नाही घेतली, भांडण नको म्हणून. वळणावर तू दिसलास त्याला. अंधार नव्हता एवढा. तू पडलास, हात वर केलास. थांब म्हणून केलास, त्यानं पाहिला. मला त्यानंच सांगितलं. घाबरला, आणि पुढं जायच्या ऐवजी गाडी मागं घेतली. तुझा हात पहिल्यांदा गेला नाही. मागं घेतली तेव्हा गेला."

आत काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"घरी आला. सगळं सांगितलं त्यानं. मी बाहेर जाऊन बादलीभर पाणी गाडीवर ओतलं. तू अजून तिथंच पडला असशील हे मला माहीत होतं. मी वळणापर्यंत गेले नाही. आत आले नि त्याला वाढलं."

दाराच्या फटीतून थोरलीचा आवाज आला. "काय वाढलंस?"

"भात. आमटी."

"खाल्ला?"

"पुन्हा मागून घेतला."

"मग?"

"झोपला. घोरत होता. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं."

आत थोरली आपल्या लेकाशी डोंगरच्या बोलीत काहीतरी बोलली. फरशीवाला ओरडला, "मला नको! तुला एवढी दया येत असेल तर तू घे तिला कामाला!" म्हातारी म्हणाली, आणि हे ती मुद्दाम बाजारी भाषेत म्हणाली, "दया कुणाला येतेय? माझं चाललं तर तिचं तोंड बघणार नाही मी. पण आज मला दिसलं. तुला दिसलं नाही का?"

दार उघडलं. फरशीवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. गाडी मागं घेतली तेव्हा हात गेला, हे त्याला त्या दुखण्यात उमगलं नव्हतं की उमगूनही कुणी मान्य करावं म्हणून तो थांबला होता, कोण जाणे. तो इस्त्रीबाईकडं बघत राहिला. वाटलं, हा आता मारतो. तिनं मान वळवली नाही.

"सिमेंटचं पोतं उचलवतं का तुला?" त्यानं विचारलं.

"ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ओढते मी."

"चादर वेगळी." तो आत गेला, पिशवी घेऊन आला आणि थापी काढून तिच्यापुढं जमिनीवर टाकली. हातात दिली नाही. टाकली. "उचल. आणि एक लक्षात ठेव, माफ वगैरे केलेलं नाही मी."

"मी मागितलंय कुठं?"

त्या दिवसापासून सकाळी ती त्याच्याबरोबर जाते आणि दुपारी धुलाईखान्यात. चहाच्या दुकानामागची मोरी, कुणाच्या घराचं न्हाणीघर, एका दुकानाचा ओटा. फरशीवाला डाव्या हातानं दोरी धरतो, पाण्याची लेव्हल ठेवतो, तोंडानं शिव्या देतो. सिमेंट-वाळूचा माल ती कालवते, थापीनं पसरते, फरशी ठेवते, रबरी हातोड्यानं ठोकून बसवते. गुडघे सोलवटलेत. सिमेंटनं बोटांना चिरा पडल्यात, त्या रोलरच्या वाफेत झोंबतात. मशीनवाली मलम लावते आणि बडबडते, "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस बाई."

मास्तर एकदा कामाच्या जागी आला. लांब उभा राहून बघत होता. संध्याकाळी त्यानं विचारलं, "बैठक मिटली असं पोरांना सांगू का? त्यांना धीर येईल."

"काय मिटलंय?" ती म्हणाली. "पोरांना सांग, चालू आहे. खरं काय ते सांग त्यांना, नाहीतर काहीच सांगू नकोस."

मास्तरनं पोरांना काय सांगितलं ते तिनं विचारलं नाही. पण हल्ली संध्याकाळी जेवणघरात पोरं पाठ म्हणत नाहीत. थोरली त्यांना सकाळपासून काय काय केलं ते विचारते, आणि ती अडखळत, चुकत सांगतात. आवाज फार वाईट येतो. ऐकवत नाही.

परवा ती दोघं एका नव्या घराच्या स्वयंपाकघरात होती. भिंतीकडची शेवटची ओळ राहिली होती. फरशीवाला दारात बसून विडी ओढत होता. एकाएकी म्हणाला, "तो सुटून आल्यावर?"

"मग तो येईल. मी उठेन."

"येईल?"

इस्त्रीबाईनं माल पसरला. फरशी ठेवली.

"आणि नाही आला तर? भेटायला जातेस ना? काय म्हणतो?"

ती दोनच दिवसांपूर्वी तुरुंगात भेटून आली होती. सुटल्यावर दुसऱ्या गावी टेम्पो मिळतोय, एका दोस्तानं सांगितलंय, असं भोंग्या म्हणाला होता. तिनं त्याला शिव्या दिल्या नव्हत्या, समजावलंही नव्हतं. बाहेर येऊन बसस्टॉपवर नुसती बसली होती.

"दुसऱ्या गावी जाईन म्हणतो," ती म्हणाली.

फरशीवाल्यानं विडी विझवली. हसला की काय केलं, तिची पाठ होती, तिला कळलं नाही. "मग?"

"मग मी आहे की."

"तू म्हातारी होत चाललीस."

"तूही."

तिनं हातोडा घेतला आणि फरशीच्या मधोमध ठोकलं. आवाज पोकळ आला. खाली माल नीट बसला नव्हता, कुठंतरी हवा राहिली होती. वरून दिसायला फरशी सरळ होती, लेव्हलमध्ये होती, घरमालकाला कधी कळलंही नसतं. फरशीवाल्यानं तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच तिनं थापीचं टोक कडेखाली घातलं आणि फरशी उपटून काढली.